पहिले रोप ओळखताना : प्रस्तावना

गंगापूर धरणातून सुटलेली गोदावरी आनंदवल्ली, होळकर पूल, रामकुंड, तपोवन असे करत नाशिक शहर ओलांडते, टाकळी-दसकवरून सायखेडा-चांदोरी गाठते आणि निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यापाशी कादवेला भेटते. या सबंध पट्ट्यात काठावरच्या कोणालाही पाणवेली म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. उन्हाळ्यात प्रवाह मंदावला की पाणी दिसेनासे होते, नुसती पाने दिसतात. पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडले की हाच थर वाहत जाऊन सायखेड्याच्या पुलाला अडकतो, पाण्याला फुगवटा येतो आणि गावकऱ्यांचा जीव टांगणीला लागतो. मग पोकलेन येते, ढिगारे काठावर ओढले जातात आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

ही या गोष्टीची अखेर आहे. हे पुस्तक तिच्या सुरुवातीविषयी आहे. कुठल्यातरी लांबच्या मुलखातली वनस्पती नव्या जागी येते, दोन-चार रोपांच्या रूपात उभी असते, कोणाच्या खिजगणतीतही नसते, त्या अवस्थेत तिला ओळखायचे कसे आणि मुळात ती येऊच नये म्हणून काय करायचे, हा या विद्याशाखेचा गाभा. तिच्याकडे वळणाऱ्या प्रत्येकाचे, मग तो वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी असो, नर्सरीवाला असो, नदीत जाळे टाकणारा असो की रोज सकाळी गोदाघाटावर फिरायला जाणारा निवृत्त कारकून, या पानावर मनापासून स्वागत आहे. इथे सगळ्यांना काम आहे, आणि ते काम शिकता येण्यासारखे आहे.

या अभ्यासाला स्वतंत्र विषयाचे रूप आले ते प्रामुख्याने १९५८ साली, ऑक्सफर्डचे परिसरशास्त्रज्ञ चार्ल्स एल्टन यांनी प्राणी आणि वनस्पतींच्या आक्रमणांवर लिहिलेल्या पुस्तकामुळे. एल्टननंतर पुष्कळ भर पडली. १९९६ मध्ये मार्क विल्यम्सन यांनी एक ढोबळ प्रमाण मांडले : बाहेरून आणलेल्या जातींपैकी साधारण दहातली एक मोकळ्यावर सुटते, सुटलेल्यांपैकी दहातली एक रुजून टिकते आणि टिकलेल्यांपैकी दहातली एक उपद्रवी ठरते. हे प्रमाण सगळीकडे तंतोतंत लागू पडत नाही. पण त्यातून दोन गोष्टी ध्यानात येतात. बहुतेक परक्या वनस्पती निरुपद्रवी असतात, आणि उपद्रवी ठरणारी एखादी तशी ठरण्याआधी बराच काळ गप्प असते. तो गप्प असण्याचा काळ हीच आपली संधी. नाशिकच्या शेतकऱ्याला हे नव्याने पटवून द्यायला नको : कांद्याच्या वाफ्यात तण दोन पानांवर असताना खुरपले तर एका बाईचे सकाळचे काम, बी धरल्यावर खुरपले तर पुढच्या सगळ्या हंगामांची मजुरी.

ही विद्या सर्वांत जास्त शिकली ती बेटांकडून. दक्षिण प्रशांत महासागरातल्या ताहिती बेटावर १९३७ साली एका खासगी वनस्पती-उद्यानात मायकोनिया नावाचे झाड लावले गेले. मूळचे मध्य आणि दक्षिण अमेरिकेचे. पाने हातभराहून लांब, वरून गडद हिरवी, खालून जांभळी. बागेत हौसेने लावावे असेच. पक्ष्यांनी त्याची बारीक फळे खाल्ली, बी डोंगरात पोचवले. आज बेटाच्या दोन-तृतीयांश भागात हे झाड पसरलेले आहे. त्याच्या दाट सावलीत खालची स्थानिक झुडपे जगत नाहीत आणि त्याची मुळे उथळ असल्याने उतारांवरची माती सुटते. शेजारच्या रायाटेआ बेटावर लोक वेळेत सावध झाले. १९९२ पासून तिथे शाळकरी मुले आणि सैनिक मिळून रोपे उपटण्याच्या मोहिमा काढू लागले. जैवविविधतेवरच्या आंतरशासकीय मंचाने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात म्हटले आहे की, मुख्यतः आक्रमक परकीय जातींमुळे जगात ज्या जाती नामशेष झाल्याची नोंद आहे, त्यांतल्या नव्वद टक्के बेटांवर झाल्या. बेटावरच्या जीवांना पळायला जागा नसते, हे त्याचे एक कारण. दुसरे असे की फार कमी शत्रूंमध्ये वाढलेल्या या जीवांना नव्या स्पर्धकाची सवय नसते.

नाशिकच्या पंचवटीत बसून बेटांविषयी का लिहायचे, असे कोणी विचारील. बेट व्हायला समुद्रच लागतो असे नाही. आपल्या जिल्ह्यात दोन प्रकारची बेटे आहेत आणि दोन्ही या पुस्तकाची कर्मभूमी आहेत. पहिली खरोखरची, पाण्याने वेढलेली. नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा शंभर वर्षांपूर्वीचा. तेव्हापासून गोदावरी आणि कादवा दरवर्षी गाळ आणून टाकत आल्या, त्यातून उथळ डबकी आणि छोटी बेटे तयार झाली, त्यांवर झाडोरा माजला, पक्षी आले. १९८६ साली इथे अभयारण्य जाहीर झाले आणि जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून त्याची घोषणा झाली. रामसरच्या नोंदीत इथे वनस्पती आणि प्राणी मिळून ५३६ जाती असल्याचे म्हटले आहे, आणि त्याच नोंदीत धोक्यांमध्ये पाणवेलीचे नाव स्पष्ट घेतले आहे.

दुसरी बेटे डोंगरमाथ्यावरची. त्र्यंबकच्या वाटेवरचे अंजनेरी घ्या. सुमारे १३०० मीटर उंचीवरचे ते कातळपठार चहूबाजूंनी शेतांनी, रस्त्यांनी, वस्त्यांनी वेढलेले आहे. तिथल्या मातीच्या पातळ थरावर पावसाळ्यात जे उगवते ते खालच्या मैदानात उगवत नाही. तिथले एक कंदीलपुष्प, सेरोपेजिया अंजनेरिका, शास्त्राला २००६ साली नव्याने माहीत झाले आणि त्याच्या नावातच त्या डोंगराचे नाव आहे. अशा जागी एखादी जोमदार परकी वनस्पती बुटाच्या चिखलातून, वृक्षारोपणाच्या पिशवीतल्या मातीतून पोचली, तर मायकोनियाने ताहितीत केले ते इथे लहान प्रमाणावर व्हायला फार काळ लागणार नाही. म्हणून पठारावर चढण्याआधी बूट झाडणे, कपड्यांना चिकटलेले बी वेचून पिशवीत बंद करणे हे या पुस्तकात पहिल्याच प्रकरणात सांगितले आहे. अंजनेरी चढायला येणारे तरुण गिर्यारोहक हे करू लागले, तर त्यांच्याइतका चांगला पहारा दुसरा कोणाचा असणार नाही.

आता पाणवेलीचे एक रोप पाण्याबाहेर काढून नीट पाहू, कारण या एका रोपात सगळा विषय सामावलेला आहे. चकचकीत गोलसर पान. देठाचा खालचा भाग फुगीर, ब्लेडने आडवा कापला तर आत हवेच्या पोकळ्याच पोकळ्या. त्यांच्या जोरावर रोप तरंगते. खाली काळसर-जांभळ्या मुळांचा झुपका, त्यात गाळ आणि बारीक गोगलगाई अडकलेल्या. बुडातून आडवी निघालेली जाडसर फांदी धरून हलकेच ओढा : तिच्या टोकाला दुसरे रोप येते, त्याच्या मागे तिसरे. पाण्यात खाद्य मुबलक असेल तर दोन आठवड्यांच्या आत रोपांची संख्या दुप्पट होते. फूल फिकट जांभळे, वरच्या पाकळीवर निळसर कडेचा पिवळा ठिपका. ते कोमेजले की दांडा वाकतो, बोंड पाण्यात जाते, बी तळाशी बसते. गाळात ते वीस वर्षांपर्यंत जिवंत राहू शकते आणि पाणी ओसरून चिखल उघडा पडला, ऊन लागले की रुजते. नांदूरच्या बेटांच्या कडा उन्हाळ्यात नेमक्या अशाच उघड्या पडतात.

यातून काय कळते? काठावर काढलेले ढिगारे म्हणजे वरवरचे काम. तुटलेली एक फांदी मागे राहिली तरी पुरते, आणि गाळातले बी तर कोणत्याच यंत्राच्या पंजात येत नाही. शिवाय या वनस्पतीचे खाद्य आपणच सोडतो. शहराच्या नाल्यांतून, वाघाडी-नासर्डीतून गोदावरीत उतरणारे सांडपाणी नत्र आणि स्फुरद घेऊन येते. ते अखंड येत राहील तोवर पाणवेली जाणार नाहीत, हे मी कोणताही आडपडदा न ठेवता लिहितो. मूळची ही अमेझॉनच्या खोऱ्यातली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती शोभेची म्हणून बंगालमध्ये आली आणि तिने तिथले खाल-बिल (कालवे आणि पाणथळी), भातशेते, नावांचे मार्ग असे अडवले की १९३६ साली बंगाल सरकारला केवळ तिच्यासाठी कायदा करावा लागला. म्हणजे ही वनस्पती काय करू शकते हे देशाला तेव्हाच ठाऊक झाले होते. तरीही पुढे नद्यांमागून नद्या तिच्या ताब्यात गेल्या, कारण आपल्या पाण्यात पहिले रोप दिसले तेव्हा ते कोणी नोंदवले नाही.

नोंदीचे मोल गाजर गवताच्या उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. अमेरिकेहून पीएल-४८० या धान्य-मदत योजनेच्या गव्हाबरोबर हे बी आले, अशी समजूत महाराष्ट्रात घरोघर आहे. त्याचे काँग्रेस गवत हे नावही बहुतेक लोक तिच्याशी जोडतात. पुण्यातली त्याची नोंद १९५६ साली प्रसिद्ध झाली, त्यामुळे काळ जुळल्यासारखा वाटतो. परंतु डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेच्या वनस्पती-संग्रहात डिट्रिक ब्रँडिस यांनी १८८० मध्ये गोळा केलेला या वनस्पतीचा वाळवलेला नमुना सापडला, आणि त्याहूनही जुन्या, १८१४ च्या, विल्यम रॉक्सबर्ग यांच्या कलकत्ता उद्यानाच्या यादीतही तिचे नाव आढळले. गव्हाच्या बोटींनी तिच्या पसाऱ्याला हातभार लावला असेलही. पण ती त्यांच्या आधीपासून देशात होती. कागदावर चिकटवलेली एक सुकी फांदी, खाली तारीख, ठिकाण आणि गोळा करणाऱ्याची सही, एवढ्याने पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत तपासता येते. म्हणून या पुस्तकात नमुना कसा दाबावा, वाळवावा, त्यावर चिठ्ठी कशी लिहावी, याला एक अख्खे प्रकरण दिले आहे. मोबाइलवरचा फोटो घ्यावाच. पण ज्या दोन जातींतला फरक फळावरच्या केसांत असतो, तिथे फोटो हात टेकतो.

आपल्या जिल्ह्यापुरते बोलायचे तर पायाभूत काम झालेले आहे. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला, आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने लक्ष्मीनरसिंहन व शर्मा यांचा नाशिक जिल्ह्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९९१ मध्ये काढला. आज गोदाकाठी दिसणारे एखादे रोप या दोन्हींत नसेल, तर तिथे थांबून विचार करायला हवा. ग्रंथांनंतरचा काळ आपल्याला स्वतः भरून काढायचा आहे, आणि इथे मी नव्या अभ्यासकांकडे एक आग्रहाची मागणी करतो. वनस्पती दिसली की सगळेच लिहितात. न दिसल्याची नोंद कोणी करत नाही. अमुक तारखेला, तपोवनाजवळ कपिला संगमापासून अमुक अंतरापर्यंत दोन्ही काठ पायी पाहिले, बेशरम आढळली, साल्व्हिनिया आढळली नाही : ही ओळ आज कोरडी वाटेल. ज्या दिवशी साल्व्हिनिया ही परकी पाणवनस्पती सापडेल त्या दिवशी मात्र ती केव्हा आली याचा अंदाज करायला तीच एक ओळ हाताशी असेल.

कॅलिफोर्नियातली एक घटना मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. २००० साली सॅन दिएगोजवळच्या खाडीत पाणबुडे मूळच्या सागरी गवताची पाहणी करत होते. त्या गवतात त्यांना एक अनोळखी हिरवे शैवाल दिसले : कौलर्पा, भूमध्य समुद्रात तोवर हजारो हेक्टर तळ व्यापून बसलेले. काही आठवड्यांच्या आत त्या जागा ताडपत्रीने झाकून खाली क्लोरीन सोडण्यात आले, आणि २००६ मध्ये शैवाल तिथून पूर्ण गेल्याचे जाहीर झाले. ते पाणबुडे परके शोधायला उतरले नव्हते. त्यांना तिथले गवत पाठ होते, म्हणून वेगळे काही चटकन डोळ्यात भरले. आपल्याकडेही क्रम हाच असावा. उंबर, करंज, जांभूळ, निर्गुडी, पाणकणीस, लव्हाळे यांची ओळख आधी पक्की करा.

पाणकणसाचे नाव मुद्दाम घेतले. ते इथलेच, तरीही उथळ पाण्यात दाट माजते, म्हणून काहींना तेही शत्रू वाटते. पसरते ते सगळे परके नसते. उलट बाजूही पाहा. जांभळी पाणकोंबडी पाणवेलीच्या आडोशाला वावरते, कमळपक्षी तिच्या पानांवरून आरामात चालतो, आणि हौशी पक्षिमित्राला हिरवळ पाहून बरे वाटते. पण हिवाळ्यात हजारो कोसांवरून येणाऱ्या थापट्याला, तलवार बदकाला उघडे पाणी लागते. पाणी झाकले गेले की खाली उजेड पोचत नाही, प्राणवायू घटतो, मासे गुदमरतात. अधिवासाचा कौल एका पक्ष्याला विचारून लावता येत नाही.

आणि परके म्हणून कोणाला हाकलण्याचा हा विषय नव्हे. मिरची, टोमॅटो, बटाटा, पेरू, सीताफळ अमेरिकेतून आले. त्यांच्याशिवाय नाशिकचा बाजार आणि आपले ताट दोन्ही रिकामे पडतील. उलट, आपले सोज्ज्वळ वाटणारे वृक्ष दुसरीकडे जाऊन काय करतात तेही जाणून घ्यावे. आपली बाभूळ मेंढ्यांना सावली आणि चारा म्हणून ऑस्ट्रेलियात नेली गेली. क्वीन्सलँडच्या गवताळ रानांत आज तिची गणना राष्ट्रीय महत्त्वाच्या उपद्रवी वनस्पतींत होते. आपले जांभूळ हवाई बेटांवर आक्रमक ठरले. नांदरूक तर अधिक शिकवून जातो. वडाच्या वंशातल्या प्रत्येक जातीचे परागण तिची ठरावीक सूक्ष्म गांधीलमाशी करते. ती नसेल तोवर परदेशात लावलेला नांदरूक बी धरत नाही, बागेत निमूट उभा राहतो. हवाई, बर्म्युडा, फ्लोरिडा इथे ती माशी मागाहून पोचली आणि नांदरूकाची रोपे भिंतींच्या भेगांतून, दुसऱ्या झाडांच्या बेचक्यांतून उगवू लागली. सीतागुंफेजवळच्या पाच वडांखाली उभे राहून विद्यार्थ्यांना हे सांगताना मला वाटते की वनस्पतीचा स्वभाव कळण्यासाठी तिचे सोबती कळणे किती आवश्यक आहे.

सोबत्यांच्या या ज्ञानातूनच जैविक नियंत्रण निघाले. परक्या वनस्पतीचा मूळ देशातला कीटक, पुरेशी चाचणी करून, तिच्यामागे आणायचा. गाजर गवतावरचे मेक्सिकन भुंगे आणि पाणवेलीवरचे दोन सोंडे किडे १९८० च्या दशकात बंगळूरमध्ये सोडले गेले. पावसाळ्यात गाजर गवताची पाने जाळीदार झालेली दिसली तर ते या भुंग्यांचे काम. ते सूर्यफुलावर दिसल्याची तक्रार झाली तेव्हा बराच वाद होऊन चौकशीही झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. एकदा सोडलेला कीटक परत बोलावता येत नाही. हा उपाय भार हलका करतो, संपवत नाही.

राहिला प्रतिबंध. परदेशातून येणाऱ्या वनस्पतींसाठी २००३ चा विलगीकरण आदेश आहे, बंदरांवर तपासणी आहे. पण एकदा देशात आलेले बी नाशिकला पोचते ते रस्त्याने, आणि तिथे पाहणारे आपणच. पंचवटीपुरता विचार केला तरी वाटा चटकन दिसतात : दिंडोरी रोडवरच्या बाजार समितीत परराज्यांतून येणारे ट्रक आणि त्यांतला पेंढा, नर्सरीतल्या रोपांच्या पिशव्यांतली माती, फिशटँकच्या दुकानातल्या तरंगत्या वनस्पती, ज्या कंटाळा आला की नदीत सोडल्या जातात, एका बंधाऱ्यावरून दुसऱ्यावर जाणारे पोकलेन, ज्याच्या साखळ्यांत फांद्या अडकलेल्या असतात. नर्सरीवाल्यांशी या विषयावर बोलताना मला नेहमी चांगलाच अनुभव येतो. आपल्या वाफ्यात काय नवीन उगवले हे त्यांच्याइतके अचूक कोणाला ठाऊक नसते. फक्त ते सांगायचे कोणाला, हे ठाऊक नसते. कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि तिची लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. नव्या रोपाची बातमी त्या नोंदवहीत गेली पाहिजे आणि नमुना भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेच्या पुण्यातल्या संग्रहात.

२०२७ च्या सिंहस्थासाठी रामकुंडापासून तपोवनापर्यंत घाट बांधले जातील, भराव पडतील, सुशोभीकरणाची रोपे लागतील, देशभरातून वाहने येतील. उघडी पडलेली ताजी माती आणि बाहेरून आलेले बी एकाच वेळी एकाच जागी असण्याचा असा प्रसंग बारा वर्षांनी येतो. ज्यांना या पुस्तकाचा उपयोग लगेच करून पाहायचा आहे त्यांनी आत्ता, भराव पडण्याआधी, आपल्याला रोज जाता येईल असा काठाचा एक तुकडा निवडावा, त्यावर आज काय आहे आणि काय नाही ते लिहून ठेवावे. मग पहिल्या पावसानंतर दर पंधरवड्याला तोच तुकडा पाहावा : आधी नव्या भरावाच्या कडा, मग रोपांच्या आळ्यातली माती, मग घाटाच्या शेवटच्या पायरीखालचा गाळ. ओळखू न येणारे रोप मुळासकट, शक्य तर फुलासह काढून, जुन्या वर्तमानपत्रात दाबावे आणि तारीख त्याच दिवशी घालावी.